बेया हसली नव्हती

१

हाज तिजानीच्या टाक्यावरची फरशी फोडण्यात अख्खी सकाळ गेली. झाकण म्हणून बसवलेली फरशी कडेने सिमेंट ओतून पक्की केली होती. पहार मारून मारून लझहरच्या हाताला फोड आले.

ऐन झरीब गावात नळाला पाणी येईनासं झालं होतं आणि उन्हाळा तोंडावर होता. म्हणून गावातली पावसाच्या पाण्याची जुनी टाकी उघडून साफ करायचं ठरलं, आणि लझहर गवंडी असल्यामुळे काम आपसूकच त्याच्याकडे आलं. टेकडीवरचं तिजानीचं टाकं त्यातलं सर्वांत मोठं, आणि पिण्याचं पाणी साठवलेलं तेवढं एकच; बाकीची गुरांपुरती होती. "ते तडकलंय, पाणी धरत नाही," असं म्हातारा वर्षानुवर्षं सांगत आला होता. पण आता तो बिछान्याला खिळलेला. परदेशी, मार्से शहरात असलेल्या त्याच्या थोरल्या मुलाने फोनवर सांगून टाकलं, "उघडा की. बाबांना कशाला विचारत बसता?"

लझहर दोराला धरून खाली उतरला. विजेरीचा झोत भिंतींवर फिरवला आणि त्याला नवल वाटलं. गिलावा एके ठिकाणीही तडकलेला नव्हता. टाकं ठणठणीत होतं, फक्त कोरडं.

मग झोत कोपऱ्यात गेला.

बराच वेळ खालून आवाज येईना तेव्हा वरचे लोक हाका मारू लागले.  भिंतीशी हाडं पडली होती, माणसाची. जरा दूर दोन चपला विखुरल्या होत्या आणि हाडांशेजारी टायरच्या रबराची बादली होती. बादलीच्या कडीला दोर नव्हता. तिथे लाल लोकरीची पिळलेली पट्टी गाठ मारून बांधली होती. आणि कवटीचे दात सबंध तपकिरी होते. गावातल्या जवळजवळ सगळ्यांचे असतात तसेच.

२

गावच्या पोलिसाचं काम बघणाऱ्या गार्डच्या कप्तानाला प्रकरण लवकर मिटवायचं होतं. "दुष्काळात सीमेपलीकडून बायका भटकत यायच्या. पाण्याला गेली असेल, पडली असेल. अल्ला तिला माफ करो," तो म्हणाला. तरी रीत म्हणून त्याने गफ्सा शहरातून दातांच्या डॉक्टर नझीहाबाईंना बोलावलं.

नझीहाबाई साठीच्या, काटक. जन्म शेजारच्याच खाणवस्तीतला. बोलताना डाव्या हाताची बोटं ओठांसमोर धरायची त्यांना सवय होती. त्या टाक्याच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या आणि कवटी मांडीवर घेऊन, तान्ह्या मुलाचं तोंड बघावं तितक्या हळुवारपणे जबडा बघत राहिल्या.

"बाहेरची नाही ही," त्या म्हणाल्या. "इथलीच."

"दातांवरून ठरवलंत?" कप्तान हसला. "घासले नसतील."

"घासून जात असते तर मीच नसते का घासले?" बाई म्हणाल्या. "हा मळ नाही. दात हिरडीच्या आत घडत असतात, तेव्हा मूल जे पाणी पितं ते त्यांच्यात उतरतं. आपल्या नळाला खोल विहिरींचं पाणी येतं, आणि त्यात फ्लोराइड फार. दात एकदा घडला की मग जन्मभर कुठलंही पाणी प्या, त्याचा रंग बदलत नाही. हिचे पुढचे, मागचे, सगळे तपकिरी आहेत, खड्डे पडलेत. म्हणजे जन्मल्यापासून ही इथलंच पाणी प्यायली. आणि अक्कलदाढ अजून अर्धी आत आहे. अठरा-एकोणीसची पोर होती." त्यांनी मान वर केली. "या वयाची कुणी हरवली होती का गावातून?"

भोवतीच्या माणसांनी लझहरकडे पाहिलं आणि पटकन नजरा दुसरीकडे वळवल्या.

"हरवली नव्हती," लझहर म्हणाला.  "पळून गेली होती. माझी बहीण. बेया."

३

लझहरच्या जन्माच्या वेळी आई गेली. त्याला बेयाने वाढवलं, आणि तो पाच वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा ती घर सोडून गेली. बापाने तिचं नाव घ्यायला बंदी केली आणि दोन वर्षांत तोही गेला. पुढे आत्या मबरूकाने लझहरला सांभाळलं. शाळेत पोरं त्याला 'पळपुटीचा भाऊ' म्हणायची. त्याच्या लग्नाच्या वेळी दोन घरांनी त्याच कारणावरून नकार दिला होता. बहिणीचा चेहरा त्याला आठवत नव्हता. पण तिच्यावरचा राग कधी शिळा झाला नव्हता.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," नझीहाबाई त्याला म्हणाल्या. "मी एकटी गेले तर लोक चहा पाजतील आणि काही सांगणार नाहीत."

आत्या आता नव्वदीला टेकली होती. दारातल्या मेंढीच्या कातड्यावर ती बसली होती. बाईंनी लोकरीची लाल पट्टी तिच्या तळहातावर ठेवली. आत्याला दिसत कमी होतं. तिने पट्टी बोटांनी चाचपली, काठाची वीण चाचपली, पुन्हा चाचपली.

"ही माझ्या भावजयीची शाल," ती म्हणाली. "काठ मीच विणून दिला होता. ती गेल्यावर बेया पांघरायची." मग तिचा आवाज चिरकला. "कुठे मिळाली? कुठे मिळाली रे, लझहर?"

लझहरने सांगितलं. आत्या कितीतरी वेळ नुसती पुढे-मागे डुलत राहिली.

"पण ती तर बसने गेली," ती शेवटी म्हणाली. "रस्त्याच्या मोजणीला स्फाक्स शहरातून आलेला पोरगा त्याच दिवशी परत गेला, त्याच्याबरोबर. दात काढत, खिदळत गेली, सगळ्या जगाला दात दाखवत! बाप घरात तोंड लपवून बसला, आणि ही..."

"तुम्ही पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"मी कशाला पाहते? खमैस सांगत होता."

"कोण खमैस?"

"कोण म्हणजे? ज्याच्याशी तिचं ठरलं होतं तो," आत्या म्हणाली. "आदल्याच संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं."

४

खमैसचं कॉफीचं दुकान बसथांब्यासमोर होतं. तो साठीचा झाला होता आणि लग्न केलं नव्हतं. लझहर आणि डॉक्टरीणबाई आत येताना दिसताच त्याने हातातला पेला खाली ठेवला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"माझ्यावर संशय आहे ना?" तो म्हणाला. "येऊ द्या. मीही रात्रभर माझ्यावरच घेत होतो."

"भांडण कशावरून झालं?"

त्याने लझहरकडे बोट केलं. "याच्यावरून. ती म्हणायची, पोरगं शाळेत जाऊ दे, मग लग्न. मी म्हटलं, किती थांबायचं? तुला मी हवा की ते कार्टं? तर म्हणाली, 'तू मोठा आहेस, तुझं तू बघशील.' मी तडक निघून आलो. दुसऱ्या दिवशी ऐकलं, की ती बसने गेली."

"कुणाकडून ऐकलंत?"

"सगळं गाव बोलत होतं."

"सगळं गाव एकदम बोलायला लागत नाही, खमैसभाई. सुरुवात कोण तरी करतं."

खमैस कपाळ चोळत बसला. "हाज तिजानीच्या दुकानात," तो म्हणाला. "मी साखर घ्यायला गेलो होतो. त्यानेच सांगितलं, स्वतः पाहिलं म्हणून. म्हणाला, हसत होती, दात काढून. ते हसणं माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही, डॉक्टर. मी स्फाक्सला जाऊन दोन महिने शोधत हिंडलो. एकदा वाटायचं, दिसली तर पाया पडू. एकदा वाटायचं, दिसली तर त्या हसण्याचा जाब विचारू."

"तुमच्यासमोर ती हसायची?"

"हसायची की. पण शाल तोंडावर ओढून. डोळ्यांवरून कळायचं हसतेय ते." तो बोलता बोलता थांबला आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

बाईंची बोटं ओठांसमोरच होती.  बाहेर आल्यावर भर रस्त्यात उभ्या राहून त्यांनी लझहरला विचारलं, "तुमचे दात एवढे पांढरे कसे?"

५

हा प्रश्न लझहरला जन्मभर विचारला गेला होता. त्याची चेष्टाही व्हायची: आईने तुला शहरातून विकत आणला. आत्या म्हणायची, अल्लाची देणगी.

"उन्हाकडे तोंड करा," बाई म्हणाल्या. "आ करा."

तो रस्त्यावरच मान वर करून उभा राहिला. बाईंनी त्याचा ओठ बाजूला केला, गाल ताणला, आणि बराच वेळ बघितलं. हात काढला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"देणगीच आहे," त्या म्हणाल्या. "पण अल्लाने पाठवली ती कुणाच्या तरी हाताने."

"म्हणजे?"

"तुमचे पुढचे दात पांढरेशुभ्र आहेत. हे सर्वांत आधी घडतात, तान्हेपणापासून चारेक वर्षांपर्यंत. सुळे बघा आरशात. टोकाला पांढरे, हिरडीकडे तपकिरी पट्टा. दात टोकापासून घडत हिरडीकडे येतो. आणि अगदी शेवटी घडणाऱ्या मागच्या दाढा? त्या माझ्यासारख्याच, तपकिरी. काय झालं असेल, कळतंय? पहिली काही वर्षं तुम्ही नळाचं पाणी प्यायलाच नाहीत. मग एक दिवस ते चांगलं पाणी बंद झालं. कायमचं."

लझहरने जिभेने मागच्या दाढा चाचपल्या.

"आई नव्हती. म्हणजे तुम्ही पावडरीच्या दुधावर वाढलात," बाई सांगत राहिल्या. "ती पावडर पाण्यातच कालवायची ना? दवाखान्यातल्या नर्सने कधी तरी बहिणीला सांगितलं असेल, की बाळाला पावसाचं पाणी द्या, दात चांगले येतील. तिने ते मनावर घेतलं. तिचे स्वतःचे दात असे होते, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती."

"पण पावसाचं पाणी आमच्याकडे कुठलं? आमचं टाकं नव्हतंच."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "गावात अजून कुणाचे दात पांढरे आहेत?"

 लझहर टेकडीकडे चालू लागला होता. बाईंना त्याच्यामागे जवळजवळ धावावं लागलं.

६

हाज तिजानी उशांना टेकून पडला होता. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण दात अजून स्वतःचे होते, मोत्यासारखे. चुलीवर चहा उकळत होता. धाकटा मुलगा रिधा त्यांना आत बसवून दाराशी उभा राहिला.

लझहर पुढे सरसावला तेव्हा बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"हाज," त्या म्हणाल्या, "बेया गेली तो दिवस तुम्ही पाहिला म्हणतात. मला सांगाल?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. पाठ केलेला धडा म्हणावा तसं तो बोलला. "बसमध्ये चढली. तो मोजणीवाला बरोबर होता. हसत होती. सगळे दात दिसत होते."

"सगळे?"

"सगळे."

नझीहाबाईंनी ओठांसमोरचा हात खाली घेतला. लझहरने त्यांचं तोंड पहिल्यांदाच उघडं पाहिलं. दात गंजल्यासारखे तपकिरी होते, कडा झिजलेल्या, मध्ये खड्डे.

"माझे बघा, हाज. शिकले, डॉक्टर झाले, जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडली. माझ्या लग्नाच्या फोटोत मात्र माझं तोंड मिटलेलं आहे. या भागातली एकोणीस वर्षांची पोर, माझ्याहून वाईट दातांची, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याच्यासमोरही शाल ओढून हसणारी. ती भर थांब्यावर, परक्या पुरुषाशेजारी, सगळे दात दाखवून हसेल? गावात दुसऱ्या कुणी ही गोष्ट रचली असती तर एवढी तरी चूक केली नसती. गावाने ती नुसती पुढे सांगितली, कारण रागावलेल्या माणसाला ती ऐकायला गोड लागते. पण रचली त्याने, ज्याला हसताना तोंड झाकायची कधी वेळ आली नाही. गावात असं एकच घर होतं."

म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत.

"टाकं तडकलं म्हणून बंद केलंत म्हणे," लझहर म्हणाला.  "मी आत उतरलो होतो, हाज. गिलाव्याला चीरसुद्धा नाही. आणि बादलीला दोर नाही. तिने आईची शाल फाडून कडीला बांधली होती. टाक्यावर दोर असता तर तिने शाल फाडली असती का? दोर कुणी नेला?"

"बाबा?" दारातून रिधा म्हणाला.



"मी नेला," हाज तिजानी म्हणाला.

मग तो थांबत थांबत बोलत राहिला. पाऊस नव्हता. टाक्यातलं पाणी रोज खाली चाललं होतं. पहाटे कुणी तरी काढून नेतं हे त्याला ठाऊक होतं, कोण तेही ठाऊक होतं. एकदा त्याने तिला धरलं तेव्हा ती म्हणाली, हाज, बाळापुरतं, एक किटली. त्या वेळी त्याने जाऊ दिलं. पुढे पाणी अगदी तळाला गेलं, घरात त्याची स्वतःची लहान मुलं होती. त्याने टाक्यावरचा दोर सोडून घरी आणला.

"मला वाटलं, दोर नाही म्हटल्यावर जाईल परत. एवढंच वाटलं. सकाळी गेलो तर काठाशी तिच्या चपला होत्या. शेजारी शेजारी ठेवलेल्या."

"हाक मारलीत?" लझहरने विचारलं.

म्हाताऱ्याने मान भिंतीकडे वळवली.

"वाकून तरी पाहिलंत?"

"नाही."

"का?"

"तुझे चुलते होते. त्यांनी माझ्या पोरांना जिवंत ठेवलं नसतं." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा हात उठत नव्हता. "चपला आत टाकल्या. फरशी ओढली. त्याच दिवशी सिमेंट घातलं. त्यानंतर आम्हीही नळाचंच पाणी प्यायलो. रिधाचे दात बघ."

रिधाने तोंडावर हात धरला आणि तो अंगणात निघून गेला.

लझहर नझीहाबाईंकडे वळला. "तेव्हा ती जिवंत होती का? याने फरशी ओढली तेव्हा?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. खोटं बोलणं सोपं होतं आणि त्याने ते मानलंही असतं.

"मला सांगता येत नाही, लझहर," त्या म्हणाल्या. "मांडीचं हाड मोडलंय. डोक्याला काही नाही. त्यापुढचं हाडं सांगत नाहीत."

लझहर जमिनीवर बसला. भिंतीला डोकं टेकलं आणि तोंडावर हात दाबून रडला, लहान मुलासारखा हुंदके देत. हाज तिजानी त्याच्याकडे बघत होता. 

७

कप्तानाने सांगितलं, की इतक्या जुन्या गोष्टीला कायद्याने आता शिक्षा नाही. लझहरने मान हलवली. त्याने ते नीट ऐकलंही नव्हतं.

बेयाला आईशेजारी पुरायचं ठरलं. खमैसने दुकान बंद ठेवलं आणि दुसऱ्या कुणाला फावडं धरू न देता कबर एकट्याने खणली. साठीच्या माणसाला ते झेपत नव्हतं. मधेच तो कुदळीवर टेकून उभा राही आणि पुन्हा खाली वाके. गावातले लोक एकेक करून आले. ज्यांनी लझहरला मुलगी नाकारली होती तेही आले, आणि मागे उभे राहिले. रिधा कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होता. लझहरने त्याला पाहिलं. आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

आत्या मबरूकाला गाढवावर बसवून आणलं होतं. "मला खाली उतरवा," ती म्हणाली. उतरवल्यावर ती मातीवर ओणवी झाली आणि जमिनीशी तोंड नेऊन बोलू लागली. "बेया, ए बेया. मी तुझ्या नावाने थुंकले ग. रोज थुंकले. तू तिथे पाण्याला गेली होतीस आणि मी इथे थुंकत होते." तिला उठवायला दोघीजणी पुढे झाल्या तर तिने त्यांचे हात झिडकारले.

मौलवींनी लझहरला विचारलं, "मयत तुमची कोण?"

त्याची थोरली मुलगी सफा शेजारी उभी होती. कॉलेजातून रातोरात आली होती. केस नीट बांधलेले नव्हते, रडून नाक लाल झालं होतं, आणि एवढ्या माणसांत कुठे उभं राहायचं हे न कळून ती बापाच्या कोटाची बाही धरून होती. गेल्याच महिन्यात तिला एकोणीस पुरी झाली होती.

लझहर तिच्याकडे बघत राहिला. एकोणीस म्हणजे एवढंसं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. जिला तो आयुष्यभर शिव्या देत आला ती बाई त्याच्या मनात नेहमी त्याच्याहून मोठीच राहिली होती.

"कोण तुमची?" मौलवींनी पुन्हा विचारलं.

"पोर," लझहर म्हणाला. मग त्याच्या ते लक्षात आलं, आणि त्याने सावरून सांगितलं, "बहीण. माझी थोरली बहीण."